उपचाराआधीचा काळ



शरीराच्या आजारात विलंब घातक ठरतो, हे आज कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. छातीत कळ आली की घरची मंडळी वाहन शोधावयास धावतात. मनाच्या आजारात मात्र हीच मंडळी महिनोन् महिने थांबतात, आणि ह्या थांबण्यानेही काही हानी होत असेल अशी शंकासुद्धा त्यांच्या मनास शिवत नाही. हा विलंब कमी करण्याच्या कामी हातातला मोबाइल कितपत उपयोगी पडेल, ह्याचा विचार आज आपणास करावयाचा आहे.

ज्या विकारासंबंधी मी बोलणार आहे त्यास वैद्यकात सायकोसिस म्हणतात. त्यात वास्तवाचे भान सुटू लागते. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येतात; शेजारी, सहाध्यायी, किंबहुना घरची माणसेही आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी पक्की समजूत होऊन बसते; बोलण्यातील संगती तुटते. स्किझोफ्रेनिया हा ह्यातला सर्वपरिचित आजार. परंतु तीव्र नैराश्य किंवा गांजासारखे व्यसन ह्यांतूनही ही अवस्था उद्भवू शकते. ती बहुधा १५ ते ३० ह्या वयात प्रथम दिसते. शिक्षण, नोकरी आणि लग्न ह्यांचे वय नेमके तेच. आरंभी झोप उडते, अभ्यास मागे पडतो, मित्र सुटतात, स्नान-कपड्यांकडे दुर्लक्ष होते. घरात कोणी म्हणतो परीक्षेचा ताण, कोणी म्हणतो वयाचा दोष, कोणी म्हणतो बाहेरची बाधा. आणि अंगारे-धुपारे, गंडे-दोरे ह्यांत वर्ष निघून जाते.

पहिले स्पष्ट लक्षण आणि पहिला योग्य उपचार ह्यांमधील काळ शास्त्रज्ञांनी अनेक देशांत मोजला आहे. तो जितका लांबतो, तितकी पुढील सुधारणा कमी होते असे सामान्यतः आढळते. मग तो आखडता येईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तम उत्तर नॉर्वेतील रोगालॅण्ड प्रांताने दिले. तेथे १९९७ पासून वर्तमानपत्रे, नभोवाणी व चित्रपटगृहे ह्यांतून सायकोसिसची लक्षणे लोकांस सांगण्यात आली. शिक्षकांना व डॉक्टरांना माहिती देण्यात आली. आणि चिठ्ठीचपाटीशिवाय कोणीही दूरध्वनी करावा असे एक पथक नेमण्यात आले. तुलनेसाठी घेतलेल्या ओस्लो व डेन्मार्कमधील भागांत निम्मे रुग्ण १६ आठवडे उलटून गेल्यावरच उपचारास येत. रोगालॅण्डमध्ये हा आकडा ५ आठवड्यांवर आला. पुढे प्रचार थांबला, तेव्हा तो पुन्हा १५ आठवड्यांवर गेला. पथक तेच होते, दूरध्वनीही होता. लोकांना सांगणे तेवढे बंद पडले होते. दहा वर्षांनी पाहता, लवकर शोध घेतलेल्या भागांतील सुमारे ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले आढळले. इतर भागांत ते प्रमाण १५ टक्के होते.

आजचा तरुण वर्तमानपत्रापेक्षा मोबाइल अधिक पाहतो. जे आईला सांगण्यास धीर होत नाही, ते तो रात्री दोन वाजता मोबाइलला विचारतो. ‘मला आवाज का ऐकू येतात’ हा प्रश्न जेथे विचारला जातो, तेथेच त्याचे खरे उत्तर ठेवले पाहिजे, ह्या विचाराने २०१६ साली न्यूयॉर्क राज्यात इंटरनेटवर अशा शोधांच्या जोडीने जाहिराती देऊन पाहण्यात आल्या. जाहिरात उघडणाऱ्यास माहिती मिळे, स्वतःची लक्षणे तपासण्याची प्रश्नावली मिळे व तज्ज्ञांशी संपर्काचा मार्ग मिळे. उघडून पाहणारे पुष्कळ निघाले. पुढचे पाऊल टाकणारे त्या मानाने थोडे. ह्यावरून ह्या साधनाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. ते दाराचा पत्ता देते. दार उघडावयास माणूसच लागतो.

ह्यात धोकेही आहेत. प्रश्नावलीतील गुण म्हणजे रोगनिदान नव्हे. तरुणपणी क्षणभर भास होणे हे प्रत्येक वेळी आजाराचे लक्षण नसते. आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे ह्या भीतीने जो आधीच पछाडला आहे, त्याचे लिखाण त्याच्या नकळत तपासणे म्हणजे त्याची भीती खरी करून दाखविणे होय. म्हणून संमती आणि गुप्तता ह्यांवाचून असा कोणताही उपक्रम उभा राहू नये. संभाषण करणाऱ्या नव्या यंत्रांचाही भरवसा धरू नये. माणसाच्या होला हो मिळवून ती भ्रमास खतपाणी घालतात, अशा तक्रारी २०२५ साली पुढे आल्या आहेत.

आपल्या देशात भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो फुकट आहे, अहोरात्र चालतो, आणि मराठीसह वीस भाषांत तेथे बोलता येते. घराबाहेर कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याचे मोल विशेष आहे. कारण मनातली भीती माणूस आपल्या भाषेतच नीट सांगू शकतो. त्यापुढे प्रत्यक्ष तपासणीसाठी गोव्यात बांबोळी, बेळगावकरांना धारवाड, तसेच इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा व हैदराबाद येथे सरकारी मानसोपचाराची रुग्णालये आहेत. सरकारी सेवेत उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे.

घरच्यांनी काय करावे? मुलाशी वाद घालू नये, त्याची थट्टा करू नये, आणि त्याच्या भ्रमास उगाच दुजोराही देऊ नये. ‘तुला भीती वाटते ना, झोप येत नाही ना, मग आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ’ एवढे म्हणावे आणि खरोखरच सोबत जावे. मात्र तो जिवावर उदार झाल्यासारखे बोलू लागला, तर एक दिवसही वाट पाहू नये. मुलाच्या मोबाइलवर दिवसभर बोट ठेवणारे पालक पुष्कळ असतात. १४४१६ हा आकडा त्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.