मुलांचे पोषण आणि टॉनिकची बाटली
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मुलांना जीवनसत्त्वांची व खनिजांची औषधे द्यावीत काय, आणि द्यावीत तर कोणती, हा आजचा विषय आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. परंतु आठवड्याच्या मजुरीतून टॉनिकच्या बाटलीसाठी पैसे बाजूला काढणारे आईवडील आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा राहत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. तथागतांचा उपदेश ऐकण्याची त्याची फार इच्छा होती. नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटीच सभेला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले व तो जेवल्यावरच उपदेश सुरू केला. आधी अन्न, मग बाकी सारे, हा क्रम त्यांनी घालून दिला. मुलांच्या पोषणातही हाच क्रम आहे.

जीवनसत्त्वे शरीराला अगदी अल्प प्रमाणात लागतात. ती स्वतः शक्ती देत नाहीत. खाल्लेले अन्न उपयोगी पडावे यासाठी ती मदत करतात. पोटात पुरेसे अन्न नसलेल्या मुलाला टॉनिक पाजणे म्हणजे चुलीत लाकूड न घालता फुंकणी फुंकत बसणे होय. दुधात घालण्याच्या अनेक पुडींमध्ये साखरेचा भाग मोठा असतो. आपल्या अन्नविषयक कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. म्हणून २०२४ साली केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या गटातून काढण्यास सांगितले. कोणी मोठा सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. जाहिरातीलाही तोच नियम लावला पाहिजे.

याचा अर्थ सर्व औषधे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. काही पूरक औषधांची आपल्या मुलांना खरोखरच गरज आहे, आणि ती शासनाकडून मोफत मिळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे शंभरातील सुमारे एकोणसत्तर मुले! रक्तक्षय असलेले मूल लवकर थकते, अभ्यासात त्याचे लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

२०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांना लोह व फॉलिक ॲसिडचे औषध आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचे असते. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, तर १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना एक निळी गोळी दिली जाते. गोळी जेवणानंतर, पाण्यासोबत घ्यावी. चहासोबत घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळीने शौचाला काळसर होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात व पुढे पाच वर्षांपर्यंत, असे एकूण नऊ डोस असतात. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनीसोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले तरी त्या मध्येच बंद करू नयेत.

फुकटचे ते हलके, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. ही समजूत सोडली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईची व बाळाची काळजी हे राष्ट्राचे काम आहे, ही त्यामागची भूमिका होती. अंगणवाडीतील डोस ही भीक नव्हे, तो आपल्या बाळाचा हक्क आहे.

परंतु जास्त दिले म्हणजे जास्त चांगले, असेही नाही. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात व प्रमाणाबाहेर गेली तर अपाय करतात. लहान मुलाने लोहाच्या पुष्कळ गोळ्या एकदम खाल्ल्या तर जीवावर बेतू शकते. म्हणून गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. उपासमार नको आणि अतिरेकही नको. मध्यम मार्ग येथेही खरा ठरतो.

आता आपल्या विदर्भासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. येथे आदिवासी व बौद्ध समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. अशा मुलाचा चेहराही फिका दिसतो, तेही थकते. शिवाय त्याचे हातपाय, सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात. घरचे लोक ‘अंगात रक्त नाही’ म्हणून टॉनिकवर टॉनिक पाजतात आणि आजार ओळखण्यात मोलाची वर्षे जातात. सिकलसेल टॉनिकने बरा होत नाही. या मुलांना सहसा फॉलिक ॲसिड दिले जाते. लोह द्यायचे की नाही, हे डॉक्टर तपासणी करून ठरवतात. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. तेव्हा फिकट दिसणाऱ्या मुलाची आधी रक्ततपासणी करा, मग बाटलीचा विचार करा.

बाटलीचे पैसे वाचले तर ते ताटात घाला. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, शेवग्याच्या पानांची भाजी, अंडे, वाळलेली मासळी, वर लिंबाची फोड किंवा आवळा. लिंबू-आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागते. मीठ आयोडीनयुक्तच घ्या. मुलांना उन्हात खेळू द्या.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा. वस्तीतील मातांजवळची लसीकरण कार्डे वाचून ‘अ’ जीवनसत्त्वाचा कोणता डोस राहिला ते त्यांना सांगा. कोणत्या मुलाची सिकलसेल तपासणी झालेली नाही, त्याची यादी करून आरोग्य सेविकेला द्या. तुमच्या शिक्षणाचा समाजाला याहून लवकर होणारा उपयोग मला तरी दिसत नाही.



जयभीम! नमो बुद्धाय!