अत्यावश्यक प्रवास कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



साथीच्या रोगाने आपला प्रवास कसा बदलला, यावर मी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. कोणी म्हणेल, करोना ओसरला, मास्क उतरले, गाड्या पूर्ववत धावू लागल्या. आता ते कशाला उगाळायचे? पण गाड्या सुरू झाल्या म्हणजे बायकांचे जाणेयेणे सुरू झाले असे नव्हे. मला बोलावयाचे आहे ते या फरकाविषयी.

आपले गाव मुळी चाकांच्या आधाराने वाढलेले. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि त्यावरील बेलापूर स्टेशनच्या आसपास ही बाजारपेठ उभी राहिली. एस.टी.ची पहिली गाडी धावली तीही आपल्याच जिल्ह्याच्या वाटेवर, १ जून १९४८ रोजी, पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान. या लाल गाडीने बाईला काय दिले? कोणी पोहोचवायला नको, कोणी आणायला नको. पदराच्या गाठीला भाड्याचे पैसे असले की माहेरही जवळ आणि दवाखानाही जवळ!

मग २०२० चा मार्च उजाडला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ पासून देशभर टाळेबंदी आली. त्या आषाढीला संतांच्या पादुकासुद्धा एस.टी.त बसून पंढरीला गेल्या. वारकरी घरीच राहिले. जिल्ह्याबाहेर जायचे तर ई-पास हवा. परजिल्ह्यात जाणारी एस.टी. २० ऑगस्टला सुरू झाली आणि ई-पासची अट सप्टेंबरच्या आरंभी उठली. तोवर दर प्रवासाला एकच प्रश्न विचारला जाई : ‘हा अत्यावश्यक आहे का?’

रोग पसरू नये म्हणून तो प्रश्न रास्तच होता. १८९७ च्या प्लेगातही रेल्वेच्या उतारूंची तपासणी होत असे. पण अत्यावश्यक कशाला म्हणावे हे नेहमी कागदावरून कळत नाही. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले आजारी मुलाला उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यातच त्यांना प्लेगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ते चालणे किती अत्यावश्यक होते, हे त्यांचे त्यांनीच ठरविले.

मुंबईचे पाहा. २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना लोकलमध्ये प्रवेश मिळाला, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर. पहाटे घर सोडून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ही वेळ कशी सोयीची व्हावी?

सरकारने तो प्रश्न सोडून दिला, पण आपल्या घरांनी तो धरून ठेवला आहे. ‘फोनवर बोलून घे ना’, ‘गर्दीत कशाला जातेस?’, ‘रविवारी मी गाडीवर सोडतो’. सारे मायेने म्हणतात. पण तो रविवार लवकर येत नाही! गर्दीच्या धास्तीने कित्येक घरांत नवी दुचाकी आली, पण तिची किल्ली बहुधा मुलाच्या खिशात.

माझी थोरली बहीण वैजापूरला असते. गोदावरी ओलांडली की जिल्हा बदलतो, एवढेच अंतर. पूर्वी सकाळी जाऊन दिवेलागणीला मी परत येत असे. साथीनंतर आम्ही रोज फोनवर एकमेकींना पाहू लागलो आणि जाणे मागे पडले. पुढे प्रत्यक्ष गेले तेव्हा अक्काच्या पायांवरची सूज दिसली. फोनमध्ये तोंड दिसते, भगिनींनो, पाय दिसत नाहीत.

भाड्याचीही गोष्ट ऐका. अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना रेल्वेत अर्ध्या भाड्याची सवलत होती, ती २० मार्च २०२० पासून बंद झाली. पॅसेंजरचे किमान भाडे दहाचे तीस रुपये झाले, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा खाली आले. उलट एस.टी.ने १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट दिले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. दार उघडले आहे. पाऊल आपण टाकायचे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. डोळे, रक्तदाब, साखर यांची लांबवलेली तपासणी आधी करा. एकटीला अवघड वाटत असेल तर शेजारणीला बरोबर घ्या. दोघी मिळून तिकीट एकीचेच पडते. रिकाम्या गाडीची फेरी टिकत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि घरात दुचाकी असेल तर ती शिका, लेकीसुनांना शिकवा. साथीने शिकविलेले शहाणपण मात्र टाकू नका. खोकला असेल तर घरी थांबावे, निघणे भाग असेल तर मास्क लावावा, गाडीची खिडकी उघडी ठेवावी.

पुढे कधी साथ आलीच, तर आपण पुन्हा घरी थांबू. ते कर्तव्यच आहे. पण साथ सरल्यावर कोणता प्रवास अत्यावश्यक, हे ज्या बाईला जायचे आहे तिने ठरवावे.