बैठकीचें अंतरंग

सोफ्यावरची उशी बसली, कीं तिला ऊन द्यावें, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. तो पाळण्यापूर्वीं मात्र उशीचें अंतरंग ओळखलें पाहिजे.

कापूस हवेंतील ओल शोषतो. माणसाच्या भारानें त्याचे तंतू एकमेकांत गुंतून गठ्ठे होतात. उन्हानें ओल जाऊन ते सैल होतात. तरीही गठ्ठे राहिलेच, तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा. सांवरीचे तंतू पोकळ व ठिसूळ. ते पिंजूं नयेत, ऊन दाखवून हातानेंच मोकळे करावेत.

फोमची गोष्ट उलट आहे. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनीं शोधलेल्या पॉलियुरेथेनचा तो बनतो. उन्हानें तो पिवळा पडतो व पुढें त्याचा भुगा होतो. त्याला सावलींतील वारा पुरे.

उशी कोणतीही असो, दर आठवड्यास तिची बाजू व जागा बदलावी. पण एकदां बसलेला फोम पूर्ववत् होत नाहीं. कापूस पुन्हां फुलवितां येतो. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार आतां शहरांत क्वचितच ऐकूं येतो. तो अजिबात थांबला, तर चांगला कापूसही उकिरड्यावर जाईल.