सात भागिले दोन

श्रोतेहो, भंडाऱ्याकडे सात खंडी धान दोघां भावांत वाटायचे, तर वाटा साडेतीन खंडी. पायथॉन ३ या संगणकभाषेत ७/२ म्हणजे ३.५ च. पण सी भाषेत पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर ३! दोघांची मिळून एक खंडी गडप झाली की!

आता पायथॉन शिकलेला विद्यार्थी सी कडे वळतो. प्रोग्राम मध्येच थांबवून चूक हुडकण्याचे साधन म्हणजे डीबगर. सी चा प्रोग्राम तपासताना जीडीबी नावाच्या डीबगरला तो ७/२ विचारतो. तोही ३ च सांगतो. मग पोरगा म्हणतो, “हिशेब बरोबरच आहे!” खरी चूक तशीच राहते.

गुरुजी, त्याला एवढेच सांगा: डीबगर सहसा प्रोग्रामच्याच भाषेच्या नियमाने उत्तर देतो. ७.०/२ विचार, साडेतीन मिळतील. आधी उत्तर पाटीवर काढ, मग यंत्राला विचार.