वारसा : खराट्याचा आणि खरेदीखताचा
(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



माणूस मागे काय ठेवून जातो, हा प्रश्न सुखवस्तू घरात मृत्युपत्राच्या वेळी निघतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी मृत्युपत्र नसते; तेथे वारसा उतरतो तो सावकाराच्या वहीतून.

कारंज्याशेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे नावाचे गाव आहे. तेथे देबू नावाचा एक पितृहीन मुलगा मामाकडे वाढला. बाप दारूपायी अकाली गेलेला. मामांची जमीन कर्जापोटी सावकाराने गिळली आणि त्या धक्क्याने मामाही गेले, असे चरित्रकार सांगतात. एकाचे व्यसन आणि दुसऱ्याचे कर्ज, एवढेच त्या मुलाच्या वाट्याला आले. त्याने दोन्ही नाकारले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्याने गोडाचे जेवण वाढले. १९०५ साली त्याने घर सोडले आणि पुढे महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणू लागला.

बाबांच्या खराट्याचे कौतुक फार होते. खराटा हाती घेऊन छायाचित्र काढणे स्वस्तच पडते! त्यांच्या हिशेबाकडे मात्र दुर्लक्ष होते. ऋण काढून लग्न नको, तेरवीच्या पंगती नकोत, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवा, हे ते रोज रात्री कीर्तनात सांगत. आणि दिवसभर स्वतः तसेच वागत. लाखोंच्या धर्मशाळा उभारणारा हा माणूस गाडग्यात भाकरी खाई. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. उरलेल्या संस्था विश्वस्तांकडे दिल्या. कुटुंबीयांचा हक्क त्यांत ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ ते वारले, तेव्हा वाटणी करण्यासारखे घरात काही नव्हते.

आता वाशीमकडे वळावे. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली, त्यांत हा जिल्हा होता. २००८ची केंद्राची कर्जमाफी बँका व सहकारी संस्थांच्या कर्जापुरती होती. खाजगी सावकाराचे देणे तसेच राहिले. सावकार गहाणखत करीत नाही. तो सरळ खरेदीखत करून घेतो आणि पैसे फेडले की जमीन परत, असे तोंडी सांगतो. बाप गेल्यावर मुलापुढे येते ते नोंदलेले खत. तोंडच्या शब्दाला साक्षीदार उरत नाही. २०१४च्या सावकारी नियमन कायद्यात अशी बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद आहे. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज लिहायला, जुने सातबारे गोळा करायला गावात कोण जातो?

कार्यकर्त्यांच्या घरची लग्नेही याच संदर्भात पाहिली पाहिजेत. मंडपात हजार पाने उठतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच गावात कर्जमुक्तीची सभा होते. समोर बसलेला शेतकरी भाषण ऐकतो, पण त्याला आठवत असतो तो मंडप. त्याच्याही घरी मुलगी उपवर असते आणि पेरणीसाठी काढलेले पैसे अजून फिटलेले नसतात.