व्यायामशाळेंतील अलिखित नियम



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांना वाटेल कीं, यांत बोलण्यासारखें तें काय आहे? व्यायामशाळेंत जावें, झेपेल तें वजन उचलावें, घाम गाळावा आणि घरीं यावें. परंतु जेथें वीस माणसें आणि पांच साधनें यांची गांठ पडते, तेथें शरीराच्या अभ्यासाबरोबर दुसराही एक अभ्यास सुरू होतो. तो म्हणजे एकच वस्तु अनेकांनीं वांटून वापरण्याचा. हा दुसरा अभ्यास बहुधा कोणी शिकवीत नाहीं, आणि तो न साधल्यामुळें पुष्कळांचा पहिलाही सुटतो. पहिल्या दिवशीं उत्साहानें आलेला मनुष्य चौथ्या दिवशीं दिसेनासा होतो, त्याचें कारण दर वेळीं आळसच असतें असें नाहीं. आपण येथें कोणाच्या तरी आड येत आहों, ही जाणीवच त्याला पुष्कळदां परत पाठविते.

पनवेल तालुक्यांतील उलव्याचें उदाहरण घेऊं. भातशेती, मिठागरें आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गांवांचा हा खाडीकांठचा टापू सिडकोच्या नव्या मुंबईंत आला. २०१८ सालीं खारकोपरपर्यंत आगगाडी आली. जानेवारी २०२४ मध्यें ती उरणपर्यंत पोहोंचली आणि त्याच महिन्यांत शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतु खुला झाला. डिसेंबर २०२५ मध्यें तर शेजारच्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. अशा वेगानें वाढणाऱ्या वस्तींत एकाच जिन्यावर सातारकर, परळची चाळ सोडून आलेलें कुटुंब, केरळी गृहस्थ आणि मूळचा आगरी शेजारी असे एकत्र नांदतात. इमारतीच्या खालीं व्यायामाची खोली असते, नाहींतर रस्त्यावर पैसे भरून जाण्याची 'जिम' असते. दारावर फलक असतो: बाहेरचे जोडे आणूं नयेत, टॉवेल आणावा, वेळ अमुक ते अमुक. परंतु आंत गेल्यावर माणसें ज्या रीतीनें एकमेकांशीं वागतात, ती रीत त्या फलकावर नसते.

जुन्या तालमींत ही अडचण वस्ताद सोडवीत असे. कोल्हापुरची गंगावेस तालीम घ्या किंवा एखाद्या खेड्यांतील लहानशी तालीम घ्या. तेथील साधनें मोजकीं असत. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली लाल माती, मुद्गलांच्या दोन-चार जोड्या, एखादा दगडी नाल, एखादा मल्लखांब. नव्या पोराच्या हातीं आधीं फावडें येई आणि जोडी मागाहून. माती उकरणें, खडे वेंचणें, ती पुन्हां सारखी करणें हा त्याचा पहिला धडा. ज्या मातींत उद्यां आपणांस पडावयाचें आहे आणि दुसऱ्यालाही पाडावयाचें आहे, ती सर्वांची आहे, हें त्याच्या हातांना आधीं कळे आणि डोक्याला मागून. कोणाची पाळी केव्हां, कोणी कोणाशीं जोड धरावी, हें वस्तादाच्या शब्दावर ठरे. तेथेंही नियम कागदावर नव्हतेच. पण ते एका माणसाच्या तोंडीं होते, आणि तो माणूस रोज समोर उभा असे.

मल्लखांबाची रीत तर याहूनही बोलकी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं या विद्येला नवें चैतन्य दिलें. पुढें अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्यें आणि दादरचें श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्यें स्थापन झालें आणि अशा संस्थांनीं ती घरोघरच्या मुलामुलींपर्यंत नेली. पुरलेल्या खांबावर एरंडेलाचा हात फिरवितात आणि एका वेळीं एकच जण वर चढतो. बाकीचे रांगेंत उभे राहून पाहतात. हें पाहणें म्हणजे वेळ फुकट घालविणें नव्हे. पुढच्याची पकड कोठें सुटली, पायाची अढी कोठें पक्की बसली, हें रांगेंतल्याला खालून दिसतें, आणि स्वतःच्या पाळीला तें उपयोगीं पडतें. तेथें थांबणें हाही शिक्षणाचाच भाग झाला.

आजच्या लोखंडी व्यायामशाळेंत साधनें पुष्कळ झालीं, पण वस्ताद दुर्मिळ झाला. सोसायटीच्या खोलींत तर बहुधा कोणीच नसतो. म्हणून नवख्यानें ही रीत स्वतःच समजून घ्यावी लागते. ती फार मोठी नाहीं, आणि तिच्या प्रत्येक नियमामागें कांहींतरी कारण आहे. कारण कळलें कीं नियम पाठ करावा लागत नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, जें साधन मोकळें दिसतें तें मोकळें असतेंच असें नाहीं. बाकावर टॉवेल ठेवलेला असेल, जवळ पाण्याची बाटली असेल, किंवा दांड्याला थाळ्या, म्हणजे ज्यांना तेथें प्लेट म्हणतात त्या, लावलेल्या असतील, तर कोणीतरी दोन पावलांवर विसांवा घेत आहे असें समजावें. अशा वेळीं "दादा, किती सेट राहिले?" किंवा "ताई, हें आपण वापरतां का?" एवढें विचारावें. मात्र विचारण्याचीही एक वेळ असते. समोरच्याच्या हातांत किंवा खांद्यावर वजन असतांना त्याच्याशीं बोलूं नये. त्याचा श्वास आणि लक्ष त्या वजनांत गुंतलेलें असतें, आणि तें विचलित झाल्यास इजा होण्याचें भय असतें. त्यानें वजन खालीं ठेवलें, मान वर केली, कीं मग विचारावें.

दुसरी गोष्ट पाळीची, आणि तिच्यांत थोडें गणित आहे. जड वजन उचलणाऱ्याला दोन सेटांच्या मध्यें विसांवा लागतो. तो चैनीसाठीं नसतो, थकलेल्या स्नायूंना पुन्हां बळ यावें म्हणून असतो. समजा, एक सेट चाळीस सेकंदांचा आहे आणि मधला विसांवा दोन मिनिटांचा. चार सेट करावयाचे, तर चाळीस चोक एकशेंसाठ सेकंद काम झालें आणि तीन विसांव्यांचे तीनशेंसाठ सेकंद गेले. म्हणजे जवळजवळ नऊ मिनिटांपैकीं साधन प्रत्यक्ष कामांत असतें तें तीन मिनिटांहूनही कमी. उरलेल्या वेळांत दुसरा मनुष्य सहज आपले सेट करूं शकतो. यालाच आळीपाळीनें करणें म्हणतात. "मधल्या वेळांत मीही करूं का?" हा प्रश्न कोणाच्या हक्कावर आक्रमण करीत नाहीं. दोघांचीं वजनें फारच वेगळीं असतील आणि प्रत्येक पाळीला थाळ्या बदलाव्या लागत असतील, तर मात्र थांबलेलें बरें. विसांव्याच्या नांवाखालीं बाकावर बसून दहा मिनिटें मोबाईल पाहणें हा विसांवा नव्हे, ती अडवणूक आहे. आणि पुढच्या खेपेसाठीं म्हणून एकाच वेळीं तीन साधनांवर टॉवेल टाकून ठेवणें ही तर सरळ जहागिरीच झाली.

तिसरी गोष्ट ठेवण्याची. जें जेथून घेतलें तें तेथेंच ठेवावें. तुम्ही लावलेल्या दोनशें किलोंच्या थाळ्या तुम्हांला सहज उतरवितां येतील, पण तुमच्यानंतर साठ वर्षांच्या आजीबाई त्या यंत्रापाशीं आल्या तर त्यांनीं काय करावें? यांत सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. स्पर्धेंत पुरुषांचा दांडा वीस किलोंचा आणि स्त्रियांचा पंधरा किलोंचा असतो, आणि तो मांडणीवर दोन ठिकाणींच टेकलेला असतो. एका बाजूच्या सगळ्या थाळ्या आधीं काढल्या आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच राहिल्या, तर दांडा उलटून जवळच्या माणसाच्या अंगावर येऊं शकतो. म्हणून एक या बाजूची आणि एक त्या बाजूची अशाच रीतीनें थाळ्या उतराव्या. हें जाणत्याला इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं, सांगण्याचें त्याच्या लक्षांतच येत नाहीं. नवख्याला तें कोणी सांगितलें नाहीं, तर त्यानें तें कोठून जाणावें?

चौथी गोष्ट घामाची. खाडीकांठची हवा दमट असते आणि घाम लौकर वाळत नाहीं. नायट्यासारखे बुरशीचे त्वचाविकार स्पर्शानें आणि सामाईक वस्तूंवरून पसरूं शकतात. म्हणून अंगाखालीं स्वतःचा टॉवेल घालावा आणि उठतांना बाक पुसून ठेवावें. यंत्राचें आसन आपण वरखालीं केलें असेल तर पुढच्याला तें पुन्हां बसवावें लागणारच, पण पुसलेलें आसन मात्र प्रत्येकाला हवें असतें.

पांचवी गोष्ट जागेची आणि दृष्टीची. वजन उचलणाऱ्याच्या अगदीं जवळून जाऊं नये, आणि तो आरशांत आपली ठेवण पाहत असेल तर त्याच्या व आरशाच्या मध्यें उभें राहूं नये. डंबेलांच्या मांडणीला चिकटून व्यायाम करूं नये. दोन पावलें मागें सरलें कीं दुसऱ्याला हात घालतां येतो. कोणाचें छायाचित्र त्याच्या परवानगीवांचून घेऊं नये, हें खरें म्हणजे सांगावयास नको, परंतु आज तें सांगावें लागतें.

इथवर मी नवख्याचीं कर्तव्यें सांगितलीं. आतां त्याचा हक्क सांगतों, कारण पुष्कळ नवख्यांना तो ठाऊकच नसतो. पाळी वजनावर ठरत नाहीं. दोन किलोंचें डंबेल घेऊन बाकावर बसलेल्या गृहिणीची पाळी आणि शंभर किलो उचलणाऱ्या तरुणाची पाळी यांत तिळमात्र फरक नाहीं. "माझें जरा लौकर आटपूं द्या" असें कोणी म्हटलें, तर "माझे दोन सेट राहिले आहेत, मग तुम्ही घ्या" हें उत्तर उद्धटपणाचें नाहीं. हा प्रसंग स्त्रियांवर आणि वयस्कांवर अधिक येतो, आणि बहुतेक वेळां त्या निमूटपणें उठतात. अशा दोन-चार प्रसंगांनंतर त्या येईनाशा होतात, आणि ती खोली सर्वांच्या पैशानें बांधलेली असूनही चार जणांची होऊन बसते. व्यायामाची सर्वांत अधिक गरज ज्यांना असते, तेच बाहेर राहतात.

यावर कोणी म्हणेल, मग हे सगळे नियम लिहूनच कां लावूं नयेत? कांहीं अवश्य लिहावे. बाक पुसा, थाळ्या जागेवर ठेवा, हें फलकावर शोभतें. परंतु समोरच्यानें मान वर केल्यावर विचारावें, दोघांच्या वजनांत फार अंतर असेल तर थांबावें, हें फलकाला कसें सांगतां येईल? तें माणसानें माणसालाच सांगावें लागतें. शिवाय फलक दोष दाखवितो, पण धीर देत नाहीं. नवख्याला पहिल्या दिवशीं धीराचीच गरज असते.

तेव्हां माझा खरा सांगावा जुन्या सभासदांना आहे. जुन्या तालमींत जें काम एकटा वस्ताद करी, तें आतां आपणां सर्वांना थोडें थोडें वांटून घ्यावें लागेल. नवख्याची चूक दिसली तर दुसऱ्याकडे पाहून हंसूं नये, आणि भुंवया उंचावून गप्पही बसूं नये. त्याच्या विसांव्याच्या वेळीं जवळ जाऊन हळू आवाजांत सांगावें: "थाळ्या दोन्ही बाजूंनीं सारख्या काढा हं, नाहींतर दांडा उलटतो." कारणासह सांगितलेली गोष्ट टोंचत नाहीं. मात्र हाही नियम लक्षांत ठेवावा कीं, सुरक्षिततेची गोष्ट न विचारतां सांगावी, आणि व्यायामाच्या पद्धतीविषयींचें मत विचारल्यावरच द्यावें. ज्याला त्याला आपली विद्या पाजीत फिरणारा मनुष्य नवख्याला गप्प राहणाऱ्याइतकाच नकोसा होतो.

उलव्यासारख्या वस्तींत सोसायटीच्या समितीला एक सोपी गोष्ट करतां येईल. महिन्यांतून एका रविवारीं सकाळीं तासभर दोन जाणत्या सभासदांनीं, शक्य तर एका स्त्रीनें व एका पुरुषानें, नव्या मंडळींना ती खोली दाखवावी. दांडा कसा धरावा यापेक्षां पाळी कशी विचारावी हें आधीं शिकवावें. याला खर्च नाहीं, यंत्र नाहीं, कसलाही ठराव नको. ज्या गांवांत शेजारी अजून एकमेकांना नांवानें ओळखत नाहींत, तेथें ओळखीला याहून चांगलें निमित्त सांपडणार नाहीं.

नियम अलिखित राहिले तरी चालतील. ते न सांगितलेले मात्र राहूं नयेत. जो नियम आपण कोणाला सांगितलाच नाहीं, तो मोडल्याबद्दल त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. उद्यां सकाळीं व्यायामास जातांना एवढें ध्यानांत असूं द्यावें.