उतारवयातील स्नान : पाट, बादली आणि फवारा

(शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर जळगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पाणीपुरवठा, रस्ते, शाळा, आरोग्य यांविषयी बोलण्याचा या व्यासपीठाचा परिपाठ आहे. वृद्ध माणसाने आंघोळ कशी करावी, हा तर ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, असे सहज म्हणता येईल. परंतु ज्या घरात आजी किंवा आजोबा मोरीत घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले, त्या घराला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. काल आपल्या पायांनी मळ्यात जाणारा माणूस त्या एका क्षणाने खाटेला खिळतो आणि पुन्हा पूर्वीसारखा उभा राहीलच असे नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील स्त्री-पुरुषांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. म्हणजे राज्यातील दर दहा माणसांत जवळजवळ एक. त्यानंतर हे प्रमाण वाढतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचा वाटा सर्वांत मोठा असतो. घरातील धोक्याच्या जागांमध्ये न्हाणीघराची गणना अगत्याने करावी लागते. ओली फरशी, साबणाचा फेस, अंधार आणि बंद दार या चारही गोष्टी तेथे एकत्र येतात.

खानदेशातील स्नानाच्या रीती

आपल्या भागात स्नानाच्या दोन जुन्या रीती आहेत. एक नदीवरची. चांगदेव येथे तापी-पूर्णेच्या संगमावर किंवा मुडावद येथे तापी-पांझरेच्या संगमावर पर्वकाळी स्नान करणे हे पुण्यकर्म मानले जाते. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव येथे गोमुखातून गरम पाण्याची धार पडते. त्या धारेखाली बसून अंग शेकण्यासाठी वृद्ध माणसे लांबून येतात. दुसरी रीत घरातली. चुलीवर किंवा बंबात पाणी तापवायचे, बादलीत किंवा घंगाळात ते विसणायचे आणि मोरीत पाटावर बसून तांब्यातांब्याने अंगावर घ्यायचे.

गेल्या काही वर्षांत तिसरी रीत आली आहे. गावात नळ आले, छतावर टाकी आली, नवीन घरात गुळगुळीत फरशीचे न्हाणीघर आले आणि भिंतीवर फवारा, म्हणजे शॉवर, लागला. मुलगा हौसेने घर बांधतो, आईसाठी सर्व सोयी करतो. पण आई म्हणते, ‘मला माझा पाट आणि तांब्या द्या.’ सून म्हणते, ‘पाटावरून उठताना तुमचे गुडघे धरतात, फवाऱ्याखाली उभ्या राहा.’ दोघींचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार करावयास हवा.

प्रत्येक रीतीचे गुणदोष

परदेशातून आलेल्या टबाचा विचार प्रथम करू. आपल्याकडे तो फारसा नाही, पण मोठ्या शहरात मुलाकडे राहावयास गेलेल्या आईवडिलांची त्याच्याशी गाठ पडते. टबाचा कठडा ओलांडताना माणसाला ओल्या जागी एका पायावर उभे राहावे लागते, आणि आत बसल्यावर उठणे त्याहून कठीण. जपानमध्ये गरम पाण्याच्या टबात बसण्याची जुनी आवड आहे. तेथे वाहन अपघातांत मरणाऱ्या वृद्धांपेक्षा टबात बुडून मरणाऱ्या वृद्धांची संख्या अधिक आहे. हिवाळ्यात थंड खोलीतून एकदम कढत पाण्यात शिरल्याने रक्तदाबात मोठे चढउतार होतात आणि पाण्यातच शुद्ध हरपते. त्यामुळे पाणी ४१ अंशांपेक्षा अधिक गरम नसावे आणि दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ त्यात बसू नये, असे तेथील शासन सांगते.

फवाऱ्याचा गुण असा की वाकावे लागत नाही, जड बादली उचलावी लागत नाही आणि फेस चटकन धुऊन जातो. परंतु तो माणसाला उभे ठेवतो. उतारवयात तोल सांभाळण्यासाठी डोळ्यांचा फार आधार लागतो. डोक्याला साबण लावून डोळे मिटले की तो आधार नाहीसा होतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर पायाखालची फरशीही नीट कळत नाही. त्यातच भिंतीवरचा नळ फिरवताना एकदम कढत पाणी अंगावर आले, तर माणूस दचकून मागे सरतो आणि पडतो.

फवाऱ्याला पाणीही अधिक लागते. साधा फवारा मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांच्या स्नानाला चाळीस-पन्नास लिटर पाणी जाते. बादलीच्या स्नानाला पंधरा-वीस लिटर पुरतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण मानले आहे. म्हणजे फवाऱ्याचे एक स्नान माणसाचा जवळजवळ दिवसभराचा वाटा घेऊन जाते. उन्हाळ्यात ज्या गावांत काही दिवसांआड नळाला पाणी येते, तेथे हा हिशेब विसरून चालणार नाही.

आता आपला पाट आणि तांब्या. या रीतीत माणूस बसलेला असतो, हा तिचा फार मोठा गुण. पाणी आधी बादलीत विसणले जात असल्याने त्याची उष्णता हाताने पाहता येते. पाणी थोडे लागते. दोष आहे तो पाटाच्या उंचीत. दोन-तीन बोटे उंचीच्या पाटावरून उठताना गुडघे आणि खुबे पूर्ण वाकलेल्या स्थितीतून सरळ करावे लागतात. संधिवाताने ग्रासलेल्या माणसाला ते जमत नाही. मग तो नळाला, बादलीच्या काठाला किंवा कपडे टाकण्याच्या दांडीला धरतो, आणि त्या वस्तू त्याचा भार पेलत नाहीत. शिवाय गरम पाण्याने अंगातील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. अशा वेळी झटकन उठले की रक्तदाब उतरतो व घेरी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा अनुभव अधिक येतो.

बसूनच, पण उंचावर

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. बादली की फवारा हा वाद दुय्यम आहे. उतारवयात स्नान बसून करावे आणि ती बैठक गुडघ्याच्या उंचीची असावी, ही गोष्ट मुख्य आहे. पाटाऐवजी चार पाय भक्कम असलेले, पायांना रबरी बूच लावलेले सुमारे दीड फूट उंचीचे स्टूल किंवा पाठ असलेली खुर्ची ठेवावी. डुगडुगणारे हलके स्टूल कामाचे नाही. बादलीही विटांच्या ओट्यावर एक फूटभर उंच ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. पाणी मुबलक असेल आणि फवारा हवाच असेल, तर नळीचा, हातात धरता येणारा फवारा घ्यावा आणि तोही खुर्चीवर बसून वापरावा. अशा रीतीने आईचा तांब्याही राहतो आणि सुनेची काळजीही दूर होते.

न्हाणीघरात आणखी काही सुधारणा अल्प खर्चात होतात. भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी किंवा स्टीलचा गज कमरेच्या उंचीवर असावा. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. मोरीचा उंबरा शक्य तेथे काढावा. काढता येत नसेल तर त्यावर ठळक रंग द्यावा. गुळगुळीत फरशीपेक्षा खरबरीत फरशी बरी. आपल्याकडील कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. साबणाशी मिळून त्याचा जो चिकट थर फरशीवर बसतो, तो शेवाळाइतकाच निसरडा असतो. तो आठवड्यातून एकदा तरी घासून काढावा. दार बाहेर उघडणारे असावे आणि वृद्ध माणसाने आतून कडी लावू नये. दारावर ओला टॉवेल टाकला की आत कोणी आहे हे कळते.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. अनेक गावांत वृद्ध स्त्रिया अजूनही आडोशाला, लुगडे अंगावर ठेवूनच स्नान करतात आणि लाजेस्तव पहाटेच्या अंधारात उरकतात. ओले, पायाशी गुंडाळलेले लुगडे बदलताना पडण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. भिंती, छप्पर, दार आणि दिवा असलेले न्हाणीघर ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हे, संरक्षण आहे. घरकुलाचा नकाशा पाहताना पंचायत सदस्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. कोरडे वस्त्र खुर्चीवर बसूनच नेसता यावे, एवढी जागा आत असावी.

पाणी, अग्नी आणि वीज

धुळे-जळगावचे हवामान टोकाचे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात धुळ्यात तो कधी कधी ५ अंशांखाली उतरतो. थंडीत कढत पाण्याचा मोह होतो. ६० अंश उष्णतेचे पाणी सुमारे पाच सेकंदांत कातडी भाजते. वृद्धांची त्वचा पातळ असल्याने तेवढाही अवधी लागत नाही. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम ओतावे आणि कोपर बुडवून पाहावे. मधुमेही माणसाने पायाने पाणी पाहू नये. पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर स्नान करावे. प्रथम पायांवर, मग हातांवर आणि शेवटी डोक्यावर पाणी घ्यावे. स्नान झाल्यावर क्षणभर बसून राहावे आणि मगच उठावे.

गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. गिझर बाहेर असावा आणि आत केवळ पाण्याची नळी यावी. बादलीत विजेचा रॉड टाकून पाणी तापवले असेल, तर बटण बंद करून आणि खटका उपसून झाल्याखेरीज पाण्याला हात लावू नये.

रोजच्या स्नानाचा आग्रह

आपल्याकडे पारोशाने देवपूजा होत नाही आणि पुष्कळ वृद्ध पारोशाने अन्नही घेत नाहीत. ही श्रद्धा आदरणीय आहे. परंतु ताप, अशक्तपणा किंवा कडाक्याची थंडी असताना तिच्यापायी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. धर्मशास्त्रानेही रुग्ण व अशक्त माणसासाठी मंत्रस्नान, भस्मस्नान, मानसस्नान असे गौण प्रकार सांगून सवलत दिलेली आहे. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या पंचाने तोंड, काखा, जांघा आणि पाय पुसून काढले, तरी आरोग्याच्या दृष्टीने त्या दिवसापुरते पुरते. वृद्धांची त्वचा कोरडी असते. रोज सर्वांगाला साबण चोळल्याने खाज सुटते. साबण थोडा वापरावा. तेल लावायचे असेल तर स्नानानंतर, न्हाणीघराबाहेर, बसून लावावे. तेलकट तळपायांनी ओल्या फरशीवर जाण्याइतके धोक्याचे दुसरे काही नाही.

एक वृद्ध गृहस्थ आंघोळ टाळू लागले, तर घरातील माणसे त्याला आळस म्हणतात. बहुतेक वेळा ती भीती असते. एकदा पाय घसरलेला असतो आणि ते कोणाला सांगितलेले नसते. अशा वेळी रागावण्यापेक्षा मोरीत जाऊन पाहावे. मदत करावी लागली तर ती किती करावी, हेही त्यांना विचारावे. पाठ चोळून हवी असेल. बाकीचे ते स्वतः करतील. आपले अंग आपण धुण्यात माणसाचा मोठा स्वाभिमान असतो. तो शक्य तितका काळ टिकावा, यासाठीच ही सारी व्यवस्था.

आपण काय करू शकतो

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची तीत तरतूद करण्यात आली. साधनांच्या यादीत वॉकर, तीन पायांची काठी आणि कमोड खुर्ची यांचा समावेश होता. कमोड खुर्चीचे भांडे काढले की ती स्नानाची उत्तम खुर्ची होते. योजनेचे चालू नियम समाजकल्याण कार्यालयातून समजून घेऊन गावातील पात्र वृद्धांपर्यंत पोहोचवणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलांना घरच्या मोरीची पाहणी करावयास सांगा : पाट किती उंच आहे, धरावयास काय आहे, दिवा आहे का, दाराला आतून कडी लागते का. नातवंडांनी विचारलेला प्रश्न आजी-आजोबा आनंदाने ऐकतात आणि घरातील कर्ती माणसेही मनावर घेतात. पंचायत सदस्यांनी आपल्या वॉर्डातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी स्वतः जाऊन पाहावे. एक भक्कम स्टूल, भिंतीतला एक गज आणि एक दिवा यांसाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातला सुतार आणि गवंडी एका दिवसात हे काम करून देऊ शकतात.

ज्यांनी आपल्याला लहानपणी पायांवर घेऊन न्हाऊमाखू घातले, त्यांना आज निर्धास्तपणे आंघोळ करता यावी, एवढी व्यवस्था प्रत्येक घरात व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!